सर्वांत मोठ्या रात्रीचा पाव

“अरे, संक्रांत आहे की तीन आठवड्यांवर. मग हे मधेच काय काढलंस?”

पहिल्या वर्षी यीस्टची पुडी घेऊन मी स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा आईने हे विचारलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. २१ डिसेंबरला आपल्याकडे ना सुट्टी, ना नैवेद्य. पण थोरलीला शाळेत नुकताच ‘सर्वांत लहान दिवस’ शिकवला होता आणि तिला त्या दिवशी ‘काहीतरी’ करायचं होतं. काहीतरी म्हणजे काय, ते तिलाही सांगता येईना. मग आम्ही पाव भाजला. वाकडा झाला, एका बाजूने करपला, आणि पुढच्या नोव्हेंबरात तिनेच विचारलं, “बाबा, यंदा पण आहे ना?” घरात प्रथा पडली ती एवढ्यावर.

आईच्या प्रश्नाला उत्तर मात्र द्यायला हवं, कारण तुमच्याही घरी तो येणार. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो ते २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीतला प्रवेश. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्याचा एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांचा. त्यामुळे दर ७२ वर्षांना एक दिवस असं करत संक्रांत सरकत सरकत १४-१५ जानेवारीला येऊन पोचली. शिवाय पुण्यात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत, त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास असते. तारखांवरून वाद घालायची सोय आपल्याकडे आधीपासूनच आहे. मी त्यात एक पाव घातला, इतकंच.

आणि पाव आपला नाही, हेही कबूल. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी, केशर घातलेले पिवळे गोड पाव करतात. इंग्रजी ‘एस’सारखी वळी, दोन्ही टोकांच्या वेटोळ्यांत एकेक बेदाणा. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात ही तारीख काही शतकं सर्वांत मोठ्या रात्रीच्या आसपास यायची. स्वीडनने १७५३ मध्ये कॅलेंडर बदललं, लुसियाचा दिवस १३ लाच राहिला. म्हणजे तिकडचाही सण सूर्यापासून सुटलाय, आपल्यासारखाच. इराणी लोक ही रात्र ‘यल्दा’ म्हणून जागवतात, डाळिंब आणि कलिंगड खात. आम्ही स्वीडनचं केशर घेतलं, इराणचं डाळिंब घेतलं, आणि आत भरलं गुळपोळीचं सारण. ते आईमुळे, ती गोष्ट पुढे येईल.

वार आधी बघा

२०२३ मध्ये २१ डिसेंबर गुरुवारी आला. पुणेकरांना पुढचं सांगायला नको. पाव ओव्हनमध्ये गेल्यावर दहाव्या मिनिटाला गुरुवारच्या ठरलेल्या दुरुस्तीसाठी लाईट गेली ती चार वाजता आली. तेव्हा २१ ला गुरुवार असेल तर आपल्या भागात वीज कधी जाते ते आधी विचारून ठेवा, नाहीतर २२ ला करा. दोन्ही रात्रींत फरक काही सेकंदांचाच असतो.

शाळेचा दिवस असेल तर पीठ आदल्या रात्री मळून, मोठ्या झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं. ते रात्रभर सावकाश फुगतं. मुलं शाळेतून यायच्या तासभर आधी बाहेर काढायचं. चवही चांगली येते. मी पुढे दिलेल्या वेळा सुट्टीच्या दिवसाच्या आहेत.

सामान

एका सूर्याला, म्हणजे सूर्याच्या आकाराच्या एका पावाला, ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, २४० मिलि दूध (आणि हाताशी दोन-तीन चमचे जास्तीचं), ५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, एक छोटा चमचा मीठ, दीड छोटा चमचा इन्स्टंट ड्राय यीस्ट, अर्धा चमचा वेलची पूड आणि केशराच्या पंधरा-वीस काड्या. अंडं नाही. सारणाला ८० ग्रॅम गूळ, ६० ग्रॅम तीळ, दोन मोठे चमचे डाळीचं पीठ, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट.

वजनकाटा घ्याच. वाटीने पोळ्या जमतात कारण कणीक हाताला कळते. मैदा आणि यीस्ट हाताला कळायला दोन-तीन वर्षं लागतात.

यीस्ट हल्ली घरपोचही येतं. मला स्वतःला रविवार पेठेतल्या बेकरीच्या सामानाच्या दुकानांतून आणायला आवडतं, कारण मुलांना सोबत नेता येतं आणि तिथून मंडईत डाळिंबं घेऊन घरी. पुडीवरची तारीख बघा. उघडलेली पुडी उरली असेल तर तिची परीक्षा घ्या: दोन चमचे कोमट पाणी, चिमूटभर साखर, थोडं यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला पाहिजे. नाही आला तर फेकून द्या, कीव करू नका.

गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीचा गूळ नको, तो ओव्हनमध्ये वितळतो आणि गार झाल्यावर दगड होतो.

मळणं: सकाळी अकरा

केशर खलबत्त्यात चिमूटभर साखरेबरोबर कुटायचं आणि दोन चमचे गरम दुधात अर्धा तास भिजवायचं. हे काम मी पाच वर्षांच्या पोराला देतो. खलबत्ता जड, आवाज मोठा, बिघडण्यासारखं काही नाही. दूध पिवळं होताना तो बघत बसतो.

बाकीचं दूध कोमट करा. कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर छान वाटेल इतपतच. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट दिसायला जिवंतासारखंच असतं. कळतं दोन तासांनी. मैदा, कणीक, साखर, यीस्ट आणि वेलची परातीत एकत्र करा, मीठ एका बाजूला घाला, मग केशरासकट दूध ओतून गोळा करा. पाच मिनिटं मळल्यावर लोणी थोडं थोडं घालत जा.

इथे सगळे नवखे एकच चूक करतात. लोणी घातल्यावर पीठ चिकचिकीत होतं, हाताला लोंबतं, आणि घाबरून माणूस वर मूठभर मैदा भुरभुरवतो. करू नका. पुरणपोळीची कणीक आठवा: सैल, तेलकट, ताणली की लांबणारी. आपल्याला जवळपास तिथेच पोचायचंय. आणखी सात-आठ मिनिटं मळत राहिलं की पीठ आपोआप परात सोडतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणा. न फाटता पातळ पडदा झाला आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसला की झालं.

मुलांना आपटू द्या. परात ओट्यावर नको, खाली जमिनीवर घ्या, म्हणजे त्यांना वरून जोर लावता येतो. पिठाचा कच्चा तुकडा मात्र तोंडात घालू देऊ नका. कच्चा मैदा पोटाला बाधतो.

आमच्याकडे मळतानाच दर वर्षी एक ठरलेला संवाद होतो. आई म्हणते, “पाव म्हणजे पायाने मळतात तो. आम्हाला लहानपणी हेच सांगायचे.” थोरली म्हणते, “आजी, तो पोर्तुगीज शब्द आहे, पाँव. तू दर वर्षी सांगतेस.” “मग तूही दर वर्षी सांगतेस की,” आई म्हणते.

फुगणं, आणि गच्चीवरची काठी

गोळ्याला तेलाचा हात लावून मोठ्या पातेल्यात ठेवा, वर ओला पंचा. पातेलं काचेचं असेल तर बाहेरून पिठाच्या उंचीवर रबरबँड लावा; मुलांना ‘दुप्पट’ म्हणजे किती ते दिसतं. मे महिन्यात हे काम पाऊण तासात होतं. डिसेंबरात पुण्यातलं स्वयंपाकघर गार असतं, दोन तास धरा. इडलीचं पीठ थंडीत जिथे ठेवता तीच जागा बरोबर. आम्ही बंद ओव्हनमध्ये ठेवतो, शेजारी उकळत्या पाण्याची वाटी. ओव्हनवर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी लावा. का, ते विचारू नका.

दोन तास मुलं काय करणार? हा प्रश्न मला सुरुवातीला अडचण वाटायचा. आता मला वाटतं, या दिवसासाठी केक न निवडता पाव निवडला ते या दोन तासांमुळेच बरं झालं. पिठालाही घाई चालत नाही आणि सूर्यालाही नाही.

सव्वाबाराला गच्चीवर जायचं. एक मीटरची सरळ काठी, खडू आणि टेप. काठी उभी धरायची, किंवा मातीच्या कुंडीत रोवायची, आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. पुण्यात त्या दिवशी सूर्य सर्वांत वर येतो तो बाराला नाही, साडेबारा उलटून दोन-तीन मिनिटांनी. घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर आणि आपण आहोत त्याच्या बरेच पश्चिमेला. त्या क्षणी सावली सर्वांत आखूड असते आणि नेमकी उत्तरेकडे असते. एक मीटर काठीची सावली भरते सुमारे ९० सेंटिमीटर. दुपारची सावली वर्षभरात याहून लांब कधीच पडत नाही. मेच्या मध्यावर याच गच्चीवर याच काठीला दुपारी सावलीच नसते, ते मुलांना तेव्हा दाखवा. दोन्ही बघितलेलं मूल ‘उत्तरायण’ शब्द विसरत नाही.

एक अवघड प्रश्न येऊ शकतो, आमच्याकडे आला. “पण बाबा, नोव्हेंबरमध्ये तर याहून लवकर अंधार पडत होता!” खरं आहे. पुण्यात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास. २१ डिसेंबरला या दोन्हींमधलं अंतर सर्वांत कमी, जवळपास ११ तास. जूनमध्ये तेच सव्वातेरा तास. कारण सांगायला पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि अक्षाचा कल दोन्ही काढावे लागतात. मी पोळपाटावर पिठाच्या गोळ्या मांडून प्रयत्न केला, धाकट्याने पृथ्वी खाल्ली.

सारण

पहिल्या वर्षी मी नुसता गूळ आणि तीळ भरले होते. विसाव्या मिनिटाला ओव्हनमधून धूर आला. गूळ पाझरून ट्रेवर सांडला होता आणि काळा झाला होता, आणि सूर्याच्या चार किरणांत आत पोकळ भुयारं. आईने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, “डाळीचं पीठ घातलं नाहीस?”

गुळपोळीत गूळ बाहेर येऊ नये म्हणून जे करतात तेच इथे. डाळीचं पीठ चमचाभर तेलावर मंद आचेवर खमंग भाजायचं. तीळ कोरडे भाजून, गार झाल्यावर जाडसर कुटायचे. गूळ किसून घ्यायचा, त्यात तीळ, कूट, भाजलेलं पीठ आणि वेलची घालून हाताने मळायचं. मुठीत दाबलं तर मुटका व्हावा आणि बोट लावलं की सुटावा, इतपत. डाळीचं पीठ वितळणारा गूळ धरून ठेवतं. त्या दिवसापासून आईचा विरोध मावळला, कारण आता या पावात तिचं खातं उघडलं होतं. सारण आता तीच करते, आम्ही विचारत नाही.

सूर्य करणं: दुपारी दोन

पीठ दुप्पट झालं की बोट खोचून बघा. खड्डा सावकाश आणि अर्धवट भरला तर तयार. लगेच उसळून भरला तर अजून अर्धा तास थांबा.

गोळ्याचे दोन सारखे भाग करा. लाटण्याने २४ सेंटिमीटरच्या, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढ्या, दोन जाड पोळ्या लाटा. लाटताना पीठ आखडून मागे येत असेल तर पाच मिनिटं झाकून सोडून द्या, भांडू नका. पहिली पोळी बटर पेपर घातलेल्या ट्रेवर ठेवा, वर पातळ तूप फिरवा, सारण पसरा. कडेने बोटभर जागा मोकळी. दुसरी पोळी वर ठेवून कडा दाबा.

आता मधोमध एक छोटी वाटी उपडी ठेवा. वाटीपासून कडेपर्यंत, घड्याळाच्या आकड्यांसारखे, बारा काप द्या. आधी बारा, सहा, तीन, नऊ असे चार, मग प्रत्येक भागात दोन. सुरी नको, करंजीचं कातणं घ्या. बोथट असतं, मुलांच्या हातात देता येतं, आणि किरणांना नक्षीदार कड येते. वाटीखाली कापायचं नाही, नाहीतर सूर्य सुटा होईल.

मग प्रत्येक किरण टोकाला धरून, जरा उचलून, ओलं फडकं पिळतो तसा दोन वेळा पिळायचा आणि टोक चिमटून बंद करायचं. पिळल्यावर तपकिरी सारणाच्या रेघा वर येतात. हे बघायला मुलांचे चेहरे दोन मिनिटं शांत होतात. बारा किरण म्हणजे बारा महिने, किंवा आई म्हणते तसे बारा आदित्य. आमच्याकडे सहा थोरलीचे, सहा धाकट्याचे. तिचे एका दिशेने पिळलेले, एका मापाचे. त्याचे कसेही, एक तर गाठ मारलेला. दुरुस्त करायचा मोह होतो. हात मागे बांधून उभे राहा.

वाटी काढा, पंचा झाका, पाऊण तास ठेवा.

भाजणं

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू. पावावर दूध आणि चिमूटभर साखर एकत्र करून ब्रशने लावा, मधे तीळ भुरभुरा. मधल्या कप्प्यात २५ ते ३० मिनिटं. पंधराव्या मिनिटाला बघा. वरून रंग पुरेसा आला असेल तर फॉइल सैलसर झाका. छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड फार जवळ असतो, माझे पहिले दोन सूर्य त्यानेच काळे केले. उचलून खालून टकटक केल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे झाला. काढल्याबरोबर तुपाचा हात.

ओव्हनचं दार आणि ट्रे फक्त मोठ्यांनी हाताळायचा, यात वयाचा वाद नाही. आत गूळ आहे. वितळलेला गूळ कातडीला चिकटतो आणि सुटत नाही. म्हणून तासभर तरी कुणी तोडायचा नाही.

ओव्हन नसेल तर याच पिठाचे छोटे गोल पाव करा, सारण पोटात भरून. जाड कढईत तळाला मीठ, वर स्टँड, झाकण, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. वरून फिके राहतात. शेवटी तव्यावर तुपात उलटे शेकून घ्या. पिळाचा सूर्य कढईत नीट होत नाही, मी दोनदा बघितलं.

पाव फुगलाच नाही, भाकरीसारखा बसला, असंही होईल. काप करून मंद ओव्हनमध्ये कडक वाळवा, चहात बुडवून खा. आमच्या २०२३ च्या अर्धवट भाजलेल्या पावाचं तेच झालं.

सहा वाजता

२१ डिसेंबरला पुण्यात सूर्य सहा वाजून दोन-तीन मिनिटांनी मावळतो. आम्ही घरातले दिवे लावत नाही, एक समई लावतो आणि पाव मधे ठेवतो. मधल्या गोलावर डाळिंबाचे दाणे. सुरी नाही, हाताने एकेक किरण मोडायचा. ज्याने पिळला त्याने आपला किरण खायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा. हा नियम थोरलीचा. बरोबर गरम मसाला दूध. फोटो काढायचे असतील तर आधी काढून घ्या, कारण हे सगळं तीन-चार मिनिटांत संपतं.

उरलेला मधला भाग डब्यात ठेवला तर दुसऱ्या दिवशीही चांगला राहतो. सकाळी तव्यावर तूप सोडून शेकला की भाजलेल्या गुळाचा वास येतो, तो मला मूळ पावापेक्षाही आवडतो. कुणाला देणार असाल तर तीळ आणि शेंगदाणे आहेत हे सांगून द्या, काहींना चालत नाहीत.

एक किरण खाली वॉचमन काकांना जातो. पहिल्या वर्षी थोरलीने विचारलं होतं, “आज त्यांची रात्रपाळी सर्वांत मोठी ना?” मी सांगितलं की ड्युटी रोज बाराच तासांची असते. तिला ते पटलं नाही. ती ताटली घेऊन खाली गेली, मी मागे. काकांनी किरण उलटा करून बघितला, वास घेतला, एक घास खाल्ला.

“गुळपोळी आहे की,” ते म्हणाले. “पण एवढी सुजलीय कशाने?”